पणती आणि गिलावा

पाडव्याच्या संध्याकाळी पुण्यात असाल, तर शनिवारवाड्यावर एक चक्कर टाकून या. दिवेलागणीच्या सुमारास पटांगणावर माणसे जमू लागतात. कोणी घरून पणत्या आणलेल्या असतात, कोणी वातींचा पुडा, कोणी तेलाची बाटली. रांगोळीच्या रेघांवर पणत्या मांडल्या जातात आणि एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी ज्योत पुढे पुढे सरकत जाते. खाली दगडी आणि वर विटांचा असा तो तट. त्यावर खालून उजेड पडला, की एरवी वाहनांच्या धुराने काळवंडलेला दिल्ली दरवाजा एकदम थोरला दिसू लागतो. फळ्यांवरचे अणकुचीदार खिळे उजळतात. "हत्तीने धडक मारू नये म्हणून आहेत हो ते," असे नातवाला सांगणारा एक तरी आजोबा शेजारी असतोच. ते काम मीही पुष्कळदा केले आहे.

काही वर्षांपूर्वी असाच मी त्या गर्दीत उभा होतो. शेजारच्या बाई आपल्या मुलाला म्हणाल्या, "बघ, पेशव्यांचा वाडा अजून कसा खणखणीत उभा आहे!" मी चौतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. चूक दिसली, की जीभ वळवळू लागते. पण सणासुदीला कोणाचा हिरमोड कशाला करा, म्हणून गप्प बसलो.

गप्प बसलो खरा. पण घरी पोचेपर्यंत तेच डोक्यात घोळत राहिले. कारण वाडा उभा नाहीच. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी त्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत केली. पुढच्या पेशव्यांनी त्यावर मजले चढवले, दिवाणखाने सजवले, कारंजी उडवली. नोव्हेंबर १८१७ मध्ये त्यावर इंग्रजांचे निशाण लागले आणि २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत लाकडाचे ते सारे वैभव जळून गेले. आग कित्येक दिवस धुमसत होती म्हणतात. उरले काय? तट, बुरूज, दरवाजे, दिल्ली दरवाजावरचा नगारखाना, जोत्यांचे चिरे आणि कारंज्याचा हौद. १९१९ साली सरकारने ही जागा संरक्षित स्मारक ठरवली, तेव्हा राखायला उरले होते ते एवढेच. म्हणजे दर पाडव्याला आपण पणत्या लावतो त्या वाड्याच्या कुंपणापाशी.

यावरून हा मनुष्य उत्सवाची टिंगल करायला निघाला आहे, असे मात्र कोणी समजू नये. मी स्वतः उत्सवातला माणूस आहे. गावाने आपल्या जुन्या वास्तूंपुढे वर्षातून एकदा एकत्र यावे, त्यांच्या गोष्टी सांगाव्यात, ऐकाव्यात, हे मला मनापासून आवडते. फक्त त्या रात्रीपासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. दिवा लावणारे इतके हात असतात. मग भिंत राखणारे हात कुठे जातात? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला जे सापडले, ते इतिहासाच्या पुस्तकापेक्षा माझ्याच घरात अधिक सापडले. तेच आज सांगायचे आहे.

*

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी वारसा फेऱ्यांचा नाद लावून घेतला. एप्रिलच्या अठराव्या तारखेला जागतिक वारसा दिन असतो आणि १९ ते २५ नोव्हेंबर हा वारसा सप्ताह. त्या दिवसांत पुण्यात अशा पुष्कळ फेऱ्या निघतात. महापालिकेची फेरी असते, संस्थांच्या असतात, आणि माझ्यासारखे काही हौशी आपल्या ओळखीपाळखीच्या मंडळींना घेऊन हिंडतात ते वेगळेच. सकाळी साडेसहाला शनिवारवाड्यापाशी जमायचे, लाल महालावरून कसबा गणपतीला जायचे, तिथून पेठांच्या बोळांतून तांबडी जोगेश्वरी, मंडई, तुळशीबाग आणि शेवटी विश्रामबागवाडा. मग मिसळ. मिसळीशिवाय पुणेकराच्या डोक्यात इतिहास शिरत नाही, असा माझा अनुभव आहे.

या फेऱ्यांना येणारी माणसे हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. जन्मभर अमेरिकेत राहून आलेले एखादे आजोबा प्रत्येक बोळात "इथे पूर्वी अमक्याचे दुकान होते" म्हणून थांबतात. महाविद्यालयातली मुले-मुली येतात. ती वर पाहतात ती केवळ छायाचित्रे घेण्यापुरती, असे आपल्याला वाटते, पण शेवटी नेमका प्रश्न तीच विचारतात. एक गृहस्थ दर वेळी मंडईपर्यंतच येत आणि भाजी घेऊन परस्पर घरी जात. आणि "मस्तानी नक्की कुठे राहायची हो?" हा प्रश्न विचारला गेला नाही अशी फेरी मला तरी आठवत नाही.

लाल महालापुढे माझी नेहमी थोडी पंचाईत होते. १६६३ च्या एप्रिलात शिवाजी महाराजांनी शाहिस्तेखानावर छापा घातला तो इथे, हे सांगताच मुलांचे डोळे मोठे होतात. मग कोणी तरी विचारते, "म्हणजे हीच ती खिडकी का?" तेव्हा सांगावे लागते, की आजची इमारत महापालिकेने १९८० नंतर बांधलेली आहे, मूळ महाल कधीच नाहीसा झाला. मंडईची इमारत १८८६ ची. त्यापूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्याच्या पटांगणातच भरत असे. पायाखाली कुठे तरी कात्रजचा नळ आहे. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणले, तेही कोणत्याही यंत्राशिवाय, केवळ जमिनीच्या उताराने. त्या बांधीव नळाला ठिकठिकाणी हवेसाठी धुराड्यासारखे उसासे ठेवलेले होते. "उसासे" हा शब्द ऐकला, की बायका हटकून हसतात. पाण्यालाही उसासे टाकावे लागत होते, याची गंमत वाटते त्यांना.

*

उत्सव आणि दुरुस्ती यांची चुकामूक काही आजची नाही. आपल्याकडे गावोगाव साजरी होणारी शिवजयंती घ्या. रायगडावरच्या महाराजांच्या समाधीची दुर्दशा झाली आहे आणि तिकडे कोणी फिरकत नाही, असे जेम्स डग्लस या ग्रंथकाराने १८८३ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात लिहिले. ते बोलणे इथल्या लोकांच्या जिव्हारी लागले. १८९५ मध्ये पुण्यात हिराबागेत सभा भरली. टिळकांनी 'केसरी'तून हाक दिली, समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधी सुरू झाला आणि गावोगावच्या सामान्य माणसांनी त्यात आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे घातले. लगेच पुढच्या वर्षी, १८९६ मध्ये, रायगडावर उत्सव झाला. समाधीचे काम मात्र पुरे व्हायला १९२६ साल उजाडावे लागले. उत्सवाला एक वर्ष पुरले. दगड बसवायला तीस लागली.

याचे दोन अर्थ काढता येतात. एक म्हणजे, उत्सव सोपा आणि दुरुस्ती अवघड. हा अर्थ कोणालाही सुचेल. दुसरा अर्थ मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मधल्या तीस वर्षांत पैशाच्या अडचणी आल्या, परवानग्यांच्या आल्या, सभा भरवणारी माणसेही काळाच्या पडद्याआड गेली. तरीही काम विसरले गेले नाही. कारण उत्सव दर वर्षी लोकांना त्याची आठवण देत राहिला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्य केले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. त्यांत रायगड आहे. त्या बातमीच्या मुळाशी कुठे तरी हिराबागेतली ती सभाही आहे, असे मी समजतो.

पुण्यातल्या पुण्यात पाहायचे, तर विश्रामबागवाडा पाहा. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो बांधला. पेशवाई बुडाली आणि १८२१ मध्ये त्याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८७९ च्या मे महिन्यात आग लागून त्याचा पूर्वेकडचा दर्शनी भाग जळला. तो नगरपालिकेच्या आणि लोकांच्या पैशाने पुन्हा उभा करण्यात आला. पुढे खुद्द नगरपालिकेची कचेरी तिथे आली, टपाल कचेरी आली, वाचनालय आले. सुरूच्या आकाराचे ते लाकडी खांब आणि रस्त्यावर झुकलेला तो कोरीव सज्जा आज आपण पाहू शकतो, तो या सगळ्या येण्याजाण्यामुळे. ज्या घरात माणसे वावरतात, तिथे गळती लगेच कळते. कोणी तरी ओरडते, कोणी तरी शिडी आणते.

आणि याच्या उलट उदाहरणही जवळच आहे. बुधवार पेठेतला भिडे वाडा. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी तिथे मुलींची शाळा काढली. माझी आजी, माझी आई, माझी मुलगी शिकल्या, त्या वाटेचा आरंभ त्या खोल्यांत झाला. दर ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला माणसे तिथे जमत, फुले वाहत, भाषणे करीत. मीही मुलांना घेऊन जात असे. वर छत खचत होते, आणि जागेचा वाद वर्षानुवर्षे न्यायालयात चालला होता. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०२३ च्या नोव्हेंबरात लागला आणि डिसेंबरात, राष्ट्रीय स्मारकासाठी जागा मोकळी करताना, तो जीर्ण वाडा एका रात्रीत उतरवण्यात आला. स्मारक व्हायलाच हवे होते. त्याबद्दल माझे दुमत नाही. पण दुसऱ्या दिवशी तिथून जाताना वाटले, की फुले वाहायला आपण इतकी वर्षे आलो, आणि वर मान करून छताकडे पाहिले किती वेळा?

असा प्रश्न दुसऱ्यांना विचारणे सोपे असते. तो मला स्वतःला ऐकावा लागला, त्याची हकीकत आता सांगतो.

*

आमचा वाडा शनिवार पेठेत एका बोळात होता. फार मोठा नव्हे, दोन चौकी. पुढे दिंडी दरवाजा, त्यावर गणेशपट्टी, मग पुढचा चौक, सोपा, माजघर, आणि पलीकडे मागचा चौक. त्यात दगडी हौद. त्या हौदात पूर्वी कात्रजचे पाणी येत असे, असे घरात सांगत. पुढच्या चौकात आम्ही राहत होतो आणि मागे सात बिऱ्हाडे होती.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे त्या दिवशी बसले. आमचा उभा राहिला. पण पाणी छातीइतके चढले होते आणि भिंती खालून भिजल्या त्या भिजल्याच. तरी त्यानंतर तीस वर्षे तो उभा होता.

फेरी घेऊन मी त्या बोळात येत असे. तिथे आता चार मजली इमारत आहे. खाली मोटारी लावायच्या जागेत एका कोपऱ्यात तेवढा हौद राहिला आहे, कारण तो फोडायला खर्च फार येत होता. त्या हौदाशी लोकांना उभे करून मी सांगत असे: "पुण्यातले वाडे का गेले, त्याचा हा नमुना पाहा. १९४७ चा भाडे नियंत्रणाचा कायदा आला. भाडी गोठली. आमच्या एका बिऱ्हाडाचे भाडे महिना अकरा रुपये होते. अकरा रुपयांत कौले तरी येतात का? मालकाजवळ पैसा नाही, भाडेकरू छदाम द्यायला तयार नाहीत. मग वाडा पडेल नाही तर काय होईल?" लोक माना डोलावत. पुष्कळांच्या घरची गोष्ट हीच होती. यात कायद्याबद्दल मी सांगत होतो ते खोटे नव्हते. म्हणून बाकीचेही खरे वाटत असे. ऐकणाऱ्यांना, आणि हळूहळू मलासुद्धा.

तीन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातली फेरी. एका मुलीच्या हाताला धरून, काठी टेकत, एक वृद्ध बाई शनिवारवाड्यापासून आमच्याबरोबर चालत होत्या. मी ओळखले नाही. हौदाशी आलो, माझे भाषण झाले, आणि त्या पुढे आल्या.

"बाळू," त्या म्हणाल्या, "चौदाशे रुपये होते रे. डबा मीच आणला होता."

मला बाळू म्हणणारे माणूस आता जगात फारसे उरलेले नाही. त्या आमच्या मागच्या चौकातल्या काकू होत्या. आणि डबा म्हणताच मला तो डबा दिसला. पितळी, कडीचा.

१९७९ चा उन्हाळा. मागच्या चौकावरचे आढे खचले होते; पावसापूर्वी शाकारणी झाली नाही तर सोप्यात पाणी येणार हे उघड दिसत होते. सातही बिऱ्हाडांनी आपापसात वर्गणी केली. कोणी दोनशे, कोणी दीडशे. काकू आणि आणखी दोघे तो डबा घेऊन आमच्या तीर्थरूपांकडे आले. "अण्णा, आमचे एवढे घ्या, उरलेले तुम्ही घाला, पण कौले फिरवून घेऊ." अण्णांनी त्यांना चहा दिला आणि विचार करून सांगतो म्हणाले. रात्री ओळखीच्या एका वकिलांशी बोलणे झाले. भाडेकरूंचा पैसा घराला लागला, तर उद्या ते त्यावरून हक्क सांगतील, असे ठरले. दुसऱ्या दिवशी नकाराचे पत्र गेले: "दुरुस्तीचा विचार मालक यथावकाश करतील." अक्षर माझे होते. माझे अक्षर चांगले, म्हणून अण्णांनी मला सांगितले, आणि मी लिहिले. मी चोवीस वर्षांचा होतो. इतिहासाची पदवी घेतली होती. 'यथावकाश' हा शब्द तर माझाच.

त्या वर्षी दिवाळीत आम्ही खर्च केलाच नाही, असेही नाही. पुढच्या, रस्त्याकडच्या भिंतीचा गिलावा उडाला होता. येणाजाणाऱ्यांना बरे दिसावे म्हणून तिला सिमेंटचा गिलावा करून घेतला आणि रंग दिला. दिंडी दरवाजाच्या दोन्ही अंगांना कोनाडे होते. त्यांत आईने पणत्या लावल्या. नवा रंग, नव्या पणत्या. वाडा कसा नव्यासारखा दिसतो, असे जो तो म्हणाला. मागच्या चौकावरची कौले तशीच होती.

१९८३ च्या पावसात मागचा सोपा बसला. दुपारची वेळ म्हणून कोणाला लागले नाही. मग बिऱ्हाडे एकेक करून गेली, आणि १९९४ मध्ये उरलेला वाडा आम्ही उतरवला. सागवानी तुळया, दारे, गणेशपट्टी जुन्या बाजारात गेली. दिनकर केळकरांनी जन्मभर हिंडून पडत्या घरांतून दिवे, अडकित्ते, दारे गोळा केली, कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून आपल्या संग्रहालयात उभे केले. तसा कोणी आमच्या गणेशपट्टीला भेटला असेल, असे मी मनाला समजावतो. बहुधा ती एखाद्या उपाहारगृहाच्या भिंतीवर असावी.

*

हे सगळे त्या सकाळी हौदाशी उभा असताना क्षणात आठवले. भोवती वीस-पंचवीस माणसे होती. सगळी माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "काकू सांगतात ते खरे आहे. पैसे आले होते. आम्ही घेतले नाहीत. नकाराचे पत्र मी लिहिले होते."

मला वाटले होते, आता फेरी मोडणार. झाले उलटेच. घोळक्यात एक वयस्कर गवंडी होते. आपल्या मुलाबरोबर आले होते आणि तोपर्यंत एक अक्षर बोलले नव्हते. त्यांनी विचारले, "पुढच्या भिंतीला सिमेंट कधी केलेत?" मी साल सांगितले. ते म्हणाले, "मग छत धडके असते, तरी ती भिंत राहिली नसती." आणि मग त्यांनी उभ्या उभ्या जो पाठ दिला, तो चौतीस वर्षांत मी वर्गात दिला नव्हता.

जुना वाडा उभा असतो तो भिंतींवर नव्हे, लाकडाच्या सांगाड्यावर. खांब आणि तुळया भार घेतात. विटा आणि माती मधली जागा भरतात. जमिनीतली ओल भिंतीत चढतेच, ती कोणाला थांबवता येत नाही. चुन्याचा गिलावा ती ओल हळूहळू बाहेर सोडतो. म्हणून चुन्याची भिंत दर काही वर्षांनी पोपडे टाकते. ते तिचे दुखणे नसून तिचे काम आहे. वर सिमेंट चढवले, की ओल आत कोंडते. बाहेरून भिंत गुळगुळीत दिसते आणि आत खांबाचा बुंधा कुजत राहतो. "चुना म्हणजे कटकट," गवंडी म्हणाले. "भिजवा, मळा, त्यात गूळ घाला, हिरड्याचे पाणी घाला, थर वाळू द्या, आणि चार वर्षांनी पुन्हा हात फिरवा. सिमेंट एकदा केले की विसरून जायचे. लोकांना विसरून जायचे असते."

त्यानंतर इतर लोक बोलू लागले. एकांनी सांगितले, की त्यांच्या वाड्यात भाडेकरूंनी खरोखरच काही दिले नाही. उलट पावसाळ्यात गळती होऊ द्या, म्हणजे मालक नमेल, असे ठरवले होते. दुसऱ्या एका बाईंनी भावाभावांच्या वाटणीची गोष्ट सांगितली. तीन भावांत कौले कोणी फिरवायची हे ठरेना, आणि ते ठरेपर्यंत छत राहिले नाही. मिसळ त्या दिवशी दुपारी झाली. इतकी चांगली फेरी मी त्यापूर्वी कधी घेतली नव्हती, आणि तीत माझे भाषण सर्वांत कमी होते.

मला माझ्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी बरेचसे मिळाले. दिवा लावणारे हात आणि भिंत राखणारे हात वेगळे नसतात. काकूंचे हात तेच होते. डबा घेऊन आलेले. ते आम्ही परत पाठवले. पुढे इतिहास सांगण्याची वेळ आली, तेव्हा त्यांच्या येण्याचा उल्लेखही मी गाळला. म्हणजे वाडा दोनदा पडला: एकदा पावसात आणि एकदा माझ्या तोंडी. दुसरी पडझड तरी दुरुस्त करण्यासारखी होती. ती झाली, आणि ती एका वारसा फेरीत झाली. उत्सवात चार माणसे एकत्र येतात. सांगणाऱ्याला चुकवण्याची सोय राहात नाही. म्हणून मी उत्सवाच्या बाजूचा आहे.

काकू आता फेरीला येत नाहीत, चालवत नाही. पण गेल्या वर्षी पाडव्याच्या सकाळी आमच्या इमारतीतल्या मंडळींनी हौद साफ केला. त्यात तीन पोती कचरा निघाला. चिऱ्यांच्या सांध्यांतून पिंपळाची रोपे आली होती. ती वेळीच मुळासकट काढली नाहीत, तर दगड फुटतो. ते गवंडी स्वतः येऊन बसले आणि सांधे चुन्याने भरून दिले. इमारतीतल्या मुलांनी शेजारीच मातीचा रायगड केला होता. किल्ल्याला तट करायला त्यांनी थोडा चुना मागून घेतला. संध्याकाळी काकूंची नात त्यांना खुर्चीत बसवून घेऊन आली. त्यांनी हौदाच्या काठावर एक पणती ठेवली आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "यथावकाश झाले म्हणायचे."

यंदा सांधे पुन्हा पाहायचे आहेत. दक्षिणेकडचा एक सांधा पावसाने धुऊन गेला आहे, तो भरायचा आहे. ते झाले की संध्याकाळी सगळे मिळून शनिवारवाड्यावर जाणार आहोत. तुम्हीही आपापल्या गावी, आपापल्या वेशीपाशी, देवळापाशी, वाड्यापाशी पणती लावायला जालच. जरूर जा. फक्त पणती ठेवून झाली, की तिच्याच उजेडात एकदा वर पाहा. कुठे ओल दिसते का, ते. आणि कोणी डबा घेऊन आले, तर त्याला परत पाठवू नका.